कानात सतत आवाज येणे (कर्णनाद): कारणे, तपासण्या आणि त्रास कमी करण्याचे मार्ग

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, याला वैद्यकीय भाषेत टिनिटस आणि मराठीत कर्णनाद म्हणतात. रुग्ण हा आवाज आपापल्या शब्दांत सांगतात. कोणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, कोणाला दूरवर कुकरची शिट्टी वाजत राहिल्यासारखे. कोणी भुंगा फिरतोय म्हणते, कोणी समुद्राची गाज. हा आवाज एका कानात, दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या मधोमध येऊ शकतो. तो सतत असतो किंवा येतो-जातो.

साधारण १० ते १५ टक्के प्रौढांना कधी ना कधी हा अनुभव येतो. त्यांतल्या बहुतेकांचे रोजचे काम अडत नाही. शंभरांतल्या एक-दोघांना मात्र झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, चिडचिड होते आणि मन खचते.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. कर्णनाद हा स्वतंत्र आजार नसून एक लक्षण आहे. बहुतेक वेळा त्यामागे गंभीर काही नसते. पण काही वेळा उशीर महागात पडतो, म्हणून आधी त्याबद्दल.

या परिस्थितीत थांबू नका

१. आवाजासोबत एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले असेल. सकाळी उठल्यावर एका कानाला दडे बसल्यासारखे वाटते आणि त्याच कानात मोठा आवाज सुरू होतो. बहुतेक लोक मळ साचला असेल, सर्दी असेल असे म्हणून कानात तेल घालतात आणि आठवडाभर वाट पाहतात. पण ही आतल्या कानाची किंवा श्रवणाच्या नसेची इजा असू शकते. ऐकू येणे काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत कमी झाले असेल, तर ती तातडीची बाब समजा. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात. ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते आणि दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते.

घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून ‘हम्म्म’ असे गुणगुणा. आवाज दडे बसलेल्या कानात जास्त घुमला, तर मळ किंवा मधल्या कानातला अडथळा असण्याची शक्यता जास्त. तो चांगल्या कानाकडे गेल्यासारखा वाटला, तर आतल्या कानाची इजा असण्याची शक्यता जास्त. मात्र या चाचणीवर विसंबून घरी बसू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

२. आवाज नाडीच्या ठेक्यावर येत असेल. मनगटावर नाडी धरून पाहा. प्रत्येक ठोक्याला कानात ‘धप-धप’ किंवा ‘सुं-सुं’ होत असेल, तर तो रक्तप्रवाहाचा आवाज असू शकतो. रक्त कमी असणे, थायरॉइड वाढणे, गरोदरपण आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची नेहमीची कारणे. क्वचित मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली असते, मधल्या कानात रक्तवाहिन्यांची गाठ असते किंवा डोक्यातला दाब वाढलेला असतो. म्हणून हा प्रकार तपासल्याशिवाय सोडू नये.

३. आवाज फक्त एकाच कानात आणि टिकून असेल. विशेषतः त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआय करून पाहावे लागते. ही गाठ क्वचितच सापडते. सापडली तरी ती कर्करोगाची नसते आणि सहसा हळू वाढते.

४. आवाजासोबत तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे किंवा अचानक तोलच न सावरता येणे अशी लक्षणे असतील तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा. डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तरीही हेच करा.

५. कानातून रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, किंवा कान खूप दुखत असेल.

६. ‘या आवाजापेक्षा मरण बरे’ असे विचार येत असतील. हे दुबळेपणाचे लक्षण नाही. झोपेविना खचलेल्या मनाचे हे दुखणे आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवस-रात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणखी एक फरक लक्षात घ्या. शिट्टी, गुंजन, खरखर हा कर्णनाद. कोणी बोलत आहे, नाव घेत आहे, आज्ञा देत आहे असे शब्द ऐकू येत असतील तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

आवाज नेमका कुठे तयार होतो?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक छोटा भाग असतो. प्रत्येक कानाच्या या भागात साधारण १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात आणि हे संदेश नसेवाटे मेंदूकडे जातात. वय, मोठा आवाज किंवा काही औषधे यांमुळे या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

पेशी कमी झाल्या की मेंदूकडे येणारे संदेशही कमी होतात. रेडिओ स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो. मग गाण्याआधी खरखरच मोठी ऐकू येते. मेंदूही तसेच काहीसे करतो. कमी झालेला संदेश पकडण्यासाठी तो आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यात त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येऊ लागते. म्हणूनच ज्या पट्टीतले आवाज ऐकू येणे कमी झाले आहे, कर्णनादही बहुधा त्याच पट्टीत असतो.

एका प्रयोगात चांगले ऐकू येणाऱ्या लोकांच्या एका कानात सात दिवस बोळा घालून ठेवला होता. त्यांतल्या बहुतेकांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले आणि बोळा काढल्यावर ते थांबले. याउलट, गाठ काढताना श्रवणाची नसच कापावी लागलेल्या कित्येक रुग्णांना त्या कानातला आवाज नंतरही येत राहतो. पाय कापल्यावरही तो पाय दुखतो असे काहींना वाटते, तसाच हा प्रकार. सुरुवात बहुधा कानातून होते, पण आवाज टिकवून धरतो तो मेंदू. यामुळेच कानात थेंब घालून तो सहसा जात नाही.

पूर्ण शांततेत निरोगी माणसालाही काही ना काही ऐकू येते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना आवाजबंद खोलीत काही मिनिटे बसवले. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रात्री सगळे झोपल्यावर तुमचा आवाज ‘वाढतो’ तो याच कारणाने. प्रत्यक्षात तो तेवढाच असतो, फक्त त्याला झाकणारे बाकीचे आवाज थांबलेले असतात.

नेहमीची कारणे

वयानुसार ऐकू येणे कमी होणे. साठीनंतरचे हे सर्वांत मोठे कारण. ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असेल तर बहुधा हेच असते.

मोठा आवाज. यंत्रमाग, प्रेसशॉप, दगडखाण, जनरेटर, ढोल-ताशा पथक, डीजेची भिंत, फटाके आणि कानात खुपसलेले इअरफोन. सर्वसाधारण नियम असा: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. मिरवणुकीतला आवाज १०० च्या पुढे सहज जातो. मिरवणुकीहून आल्यावर कानात ‘सुंsss’ झाले आणि एक-दोन दिवसांत थांबले, तर सुटलो असे समजू नका. तो इशारा असतो.

मळ, जंतुसंसर्ग, पडद्याला छिद्र. ही कारणे उपचाराने बरी होण्यासारखी असतात. मळ काढल्यावर आवाज लगेच थांबलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. पण तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी, किल्ली, केसांची पिन किंवा कापूस लावलेली काडी यांनी मळ आणखी आत ढकलला जातो आणि पडदा फाटू शकतो.

औषधे. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येतो आणि औषध थांबवल्यावर तो सहसा जातो. क्विनाइन आणि शिरेतून दिलेले फ्युरोसेमाइड यांनीही असे होऊ शकते. जेन्टामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांनी मात्र ऐकण्याची कायमची हानी होऊ शकते. पूर्वी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर महिनोन्‌महिने इंजेक्शने द्यावी लागत आणि त्यात अनेकांचे कान गेले. आता हे उपचार बहुतांशी गोळ्यांवर चालतात. असे कोणतेही औषध सुरू असताना कानात आवाज आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, पण स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. रक्त पातळ राहावे म्हणून हृदयरोग्यांना दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन तर मुळीच थांबवू नका. एवढ्या छोट्या मात्रेने सहसा आवाज येत नाही.

आतल्या कानाचे काही आजार. चक्कर, कान भरल्यासारखा वाटणे, कमी-जास्त होणारे बहिरेपण आणि आवाज हे चारही एकत्र येत असतील तर मेनियरचा आजार असू शकतो. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मधल्या कानातले छोटे हाड घट्ट बसून ऐकू येणे कमी होते. याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे.

जबडा आणि मान. दात आवळल्यावर, जबडा पुढे काढल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलत असेल, तर तिथल्या स्नायूंचा संबंध असू शकतो. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये हे दिसते. अशा वेळी दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट यांचा उपयोग होतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

आधी डॉक्टर कानात डोकावून मळ आणि पडदा पाहतात, रक्तदाब मोजतात, तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी पाहतात. त्यानंतरची सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री. त्यात वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकवून कोणता किती मोठा केल्यावर ऐकू येतो, याचा आलेख काढतात. ती दुखत नाही आणि साधारण अर्ध्या तासात होते. ‘मला नीट ऐकू येते’ असे वाटत असले तरी ती करून घ्या. अनेकांना आपले ऐकू येणे कमी झाल्याचे या आलेखावरूनच पहिल्यांदा कळते.

गरजेनुसार हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर या रक्ततपासण्या करतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. आवाज एकाच बाजूला असेल, दोन्ही कानांच्या आलेखात फरक असेल किंवा मज्जासंस्थेची इतर लक्षणे असतील तरच तो करतात. नाडीच्या ठेक्यावर येणाऱ्या आवाजासाठी रक्तवाहिन्यांच्या वेगळ्या तपासण्या असतात.

आवाज वेगळा आणि त्रास वेगळा

बहुतेकांना तपासणीनंतर असे उत्तर मिळते: ‘गंभीर काही नाही, पण आवाज पूर्ण जाईलच असे सांगता येत नाही.’ हे ऐकून रुग्ण निराश होतात. पण इथेच उपचाराचा खरा भाग सुरू होतो.

लोकलच्या रुळांलगत राहणाऱ्या माणसाला रात्रीची गाडी जाणवत नाही. त्याच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र रात्रभर झोप नसते. गाडीचा आवाज दोघांच्या कानांवर सारखाच पडतो. घरमालकाच्या मेंदूने ‘यात धोका नाही’ असे ठरवून तो मागे टाकलेला असतो. कर्णनादाचेही असे होऊ शकते. यंत्रावर मोजल्यास दोन रुग्णांचा आवाज सारखाच भरतो, पण एक जण आरामात जगतो आणि दुसऱ्याची झोप उडालेली असते. ‘मेंदूत गाठ असेल’, ‘मी बहिरा होणार’ या भीतीमुळे मेंदू त्या आवाजावर पहारा ठेवतो आणि मग तो आणखी मोठा वाटतो. म्हणून एकदा नीट तपासणी करून भीती दूर करणे हाच पहिला उपचार आहे. पुढे बऱ्याच जणांना काही महिन्यांत या आवाजाची सवय होते.

काय करता येते?

शांतता टाळा. खोलीत हळू आवाजात काहीतरी सुरू ठेवा: पंखा, रेडिओ, पावसाचा आवाज किंवा मोबाइलवरचा तानपुरा. कानातला आवाज पूर्ण झाकण्याचा प्रयत्न करू नका. तो थोडासा ऐकू येईल इतपतच बाहेरचा आवाज ठेवा. पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय कशी होणार? त्याच कारणाने दिवसभर कानात बोळे घालून बसू नका. बोळे फक्त गोंगाटाच्या ठिकाणी वापरा.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. हा बऱ्याच जणांसाठी सर्वांत उपयोगी उपाय ठरतो. बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की मेंदूची ताणाताण कमी होते. सुरुवातीचे काही आठवडे यंत्र नकोसे वाटते. ऑडिओलॉजिस्टकडून ते दोन-तीनदा जुळवून घ्यावे लागते. खर्च परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना श्रवणयंत्र मिळते. जिल्हा रुग्णालयात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्याची चौकशी करता येते.

झोपेची घडी बसवा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काही वाचा आणि पेंग आल्यावर परत जा. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका, तिने मधल्या रात्रीची झोप मोडते.

बोलण्याचा उपचार घ्या. कर्णनादाचा त्रास कमी करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी या मानसोपचार पद्धतीचा आहे. यात आवाजाबद्दलचे भीतीचे विचार ओळखून ते बदलायला शिकवतात. मानसोपचाराकडे पाठवले म्हणजे ‘तुमचा आवाज खोटा आहे’ असे डॉक्टरांना म्हणायचे नसते.

शरीर सैल सोडायला शिका. दीर्घ श्वसन, शवासन, भ्रामरी यांपैकी जे जमेल ते रोज दहा मिनिटे करा. याने आवाज बरा होतो असा दावा मी करणार नाही, पण ताण उतरला की त्रास कमी होतो.

चहा-कॉफी एकदम सोडण्याची गरज नाही. ती सोडल्याने कर्णनाद कमी होतो असे सिद्ध झालेले नाही. झोप बिघडत असेल तर संध्याकाळनंतरचा चहा बंद करा, एवढे पुरे.

‘आज आवाज किती आहे’ हे तपासत बसू नका. तपासण्यासाठी लक्ष तिकडे नेले की आवाज वाढलेलाच सापडतो.

ज्यावर पैसे घालवू नयेत

कर्णनाद थांबवणारी खात्रीची गोळी आजवर सापडलेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जिंको बिलोबा, झिंक, मेलाटोनिन आणि इतर पूरक गोळ्या कर्णनादासाठी सुचवू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. जिंको रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे, पण ते पुरेसे असताना इंजेक्शनांचा कोर्स करून फायदा नाही. चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावरची औषधे योग्यच असतात. ती त्या आजारासाठी असतात.

गरम तेल, लसणाचे तेल, कानात मेणबत्ती लावणे हे प्रकार टाळा. पडद्याला छिद्र असेल तर तेलाने संसर्ग वाढतो आणि गरम तेलाने कानाची नळी भाजते.

घरच्या लोकांसाठी

हा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नका. रुग्णाला तो खरोखर ऐकू येतो. आजी-आजोबा चारचौघांत गप्प बसू लागले, फोन टाळू लागले, टीव्हीचा आवाज वाढवू लागले तर ‘वयामुळे होते’ म्हणून सोडू नका, ऑडिओमेट्री करून घ्या. त्यांच्यासमोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोला. ओरडण्याने शब्द जास्त कळत नाहीत. आणि दिवसातून चार वेळा ‘आज आवाज कसा आहे?’ असे विचारू नका. त्यापेक्षा सोबत फिरायला न्या.

रुग्ण हमखास विचारतात

*या आवाजामुळे मी बहिरा होईन का?* नाही. आवाजामुळे बहिरेपण येत नाही. ऐकू येणे कमी झाल्यामुळे बहुधा आवाज येतो.

*हा आवाज कायम राहील का?* मळ, संसर्ग, रक्तक्षय, औषध असे दूर करता येणारे कारण असेल तर तो जाऊ शकतो. आतल्या कानाची झीज असेल तर तो राहू शकतो, पण त्याची जाणीव आणि त्रास बराच कमी होऊ शकतो.

*कानात हेडफोन लावू का?* लावा, पण आवाज निम्म्याच्या जवळपास ठेवा आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्या. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: आवाज कधीपासून आहे, कोणत्या कानात आहे, नाडीच्या ठेक्यावर येतो का, आणि सध्या कोणती औषधे सुरू आहेत. एवढ्या माहितीने तपासणीची दिशा लवकर ठरते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)